किमोनोवरची ऋतूंची चाहूल: नक्षी कशी वाचावी, कशी निवडावी

इसवी सन १००० च्या सुमारास जपानच्या सम्राज्ञीच्या सेवेत असलेल्या सेई शोनागोन या लेखिकेने 'माकुरा नो सोशी' या आपल्या टिपणांत मन खट्टू करणाऱ्या गोष्टींची एक यादी दिली आहे. दिवसाढवळ्या रडणारा कुत्रा, वसंत उजाडला तरी नदीत तसाच राहिलेला हिवाळी मासेमारीचा बांबूचा सापळा, आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात अंगावर घेतलेला लाल उमे फुलाच्या रंगाचा पोशाख. उमे म्हणजे थंडी सरता सरता उमलणारा जपानी प्लम. त्या पोशाखाचा रंग विटलेला नव्हता किंवा कापड फाटलेले नव्हते. त्याचा दोष एवढाच होता की त्याचे फूल केव्हाच गळून गेले होते.

हजार वर्षे उलटली, दरबारी पोशाख गेला, त्याखालचा कोसोदे हा साधा झगा वर आला आणि एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या कालखंडात, त्याचाच आजचा किमोनो झाला. शोनागोनची ती खंत मात्र आजही जिवंत आहे. किमोनोवरची नक्षी ऋतूचे नुसते चित्र नसते, ती येणाऱ्या ऋतूची चाहूल असते. आपल्याकडे या भावनेला 'चाहूल' हा इतका नेमका शब्द आहे की किमोनोचे निम्मे शास्त्र त्या एका शब्दात समजावून सांगता येते. फूल झाडावर दिसण्याआधी ते कापडावर दिसावे, आणि झाडावर बहरले की कापडाने मागे सरावे, हा त्याचा गाभा आहे.

शिक्षणासाठी वा नोकरीसाठी जपानमध्ये राहणाऱ्या आणि लग्नाचे किंवा चहाच्या समारंभाचे निमंत्रण आलेल्या मराठी माणसाला, जुन्या कपड्यांच्या दुकानात सुंदर किमोनो हाती आलेल्या प्रवाशाला, आणि संग्रहालयातल्या काचेपलीकडचा किमोनो नीट समजून घेऊ पाहणाऱ्या रसिकाला हा लेख उपयोगी पडावा, अशा हेतूने तो पायरीपायरीने लिहिला आहे.

पहिली पायरी: नक्षीआधी कापड पाहावे

नवखा माणूस थेट फुलांकडे पाहतो. जाणकार आधी किमोनोची कड उलटून पाहतो, कारण ऋतूचा पहिला संकेत अस्तरात असतो. अस्तर लावलेल्या किमोनोला आवासे म्हणतात आणि तो ऑक्टोबर ते मे या काळात घालतात. अस्तर नसलेला हितोए जून आणि सप्टेंबर या दोन सांध्यांच्या महिन्यांसाठी असतो. जुलै आणि ऑगस्टमध्ये पारदर्शक विणीचे कापड येते. त्यात रो हे कापड ओळीओळींनी बारीक फटी ठेवून विणलेले असते, तर शा सर्वत्र जाळीदार असल्यामुळे अधिक झिरझिरीत दिसते. या कपडेबदलाला कोरोमोगाए म्हणतात. १ जून आणि १ ऑक्टोबर या त्याच्या रूढ तारखा आहेत आणि त्या दिवशी शाळांचे गणवेशही बदलतात.

कापड आणि नक्षी यांची गाठ पक्की असते. रो कापडावर बर्फाने वाकलेली झाडे सहसा नसतात आणि जाड अस्तराच्या किमोनोवर काजवे सापडत नाहीत. त्यामुळे एखादे फूल ओळखता आले नाही, तरी कापडाच्या विणीवरून शोधाचा परीघ एकदम दोन-तीन महिन्यांवर येतो. अलीकडे उन्हाळा लवकर सुरू होत असल्यामुळे मे महिन्यातच हितोए घालणे बऱ्याच ठिकाणी चालवून घेतले जाते. औपचारिक समारंभात मात्र जुनी मर्यादा पाळणे सुरक्षित.

उन्हाळी कापडांतले एचिगो-जोफू हे रामी या वनस्पतीच्या धाग्याचे कापड या ऋतुविचाराचा फार सुंदर नमुना आहे. निईगाता प्रांतात ते विणले जाते आणि हिवाळा संपता संपता बर्फावर पसरून, उन्हात ठेवून उजळवले जाते. २००९ साली युनेस्कोने ही कला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. भर उन्हाळ्यात अंगावर येणाऱ्या कापडाने आधीच्या हिवाळ्याचा बर्फ पाहिलेला असतो, हे कळल्यावर त्या कापडाचा गारवा वेगळाच वाटू लागतो.

दुसरी पायरी: फूल झाडावरचे आहे की कल्पनेतले

नक्षीकडे वळल्यावर पहिला प्रश्न 'हे कोणते फूल' असा नसावा. 'हे फूल किती खरे आहे' असा तो असावा. फांदी, पाने, कळ्या, देठ यांसह निसर्गात दिसावे तसे रेखाटलेले फूल आपल्या ऋतूला बांधलेले असते. तेच फूल फांदीविना, नुसत्या भूमितीय आकारात किंवा कल्पित रंगांत आले की त्याचे बंधन सैल होते. साकुरा, म्हणजे चेरीचे फूल, हे याचे ठळक उदाहरण आहे. फांदीवर बहरलेला साकुरा वसंताचाच. पण आकृतीबद्ध पाच पाकळ्यांचा साकुरा हा जपानचाच मानबिंदू मानून बाराही महिने चालतो, असे पुष्कळ लोक मानतात. याबाबत मतभेद आहेत, आणि जिथे वडीलधारी मंडळी असतील तिथे शरदात साकुरा टाळावा, असे माझे मत आहे.

शेवंतीचेही तसेच आहे. पाकळी न् पाकळी दाखवणारी शेवंती शरदाची असते, पण ओगाता कोरिन या चित्रकाराच्या शैलीतली, नुसत्या गोल रेषेची 'कोरिन-गिकू' कोणत्याही महिन्यात शोभते. कोरिन १६५८ मध्ये क्योतोतल्या कारिगानेया या कापडाच्या पेढीवर जन्मला होता, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. फुलाचा तपशील गाळून फक्त त्याचा आत्मा उरवण्याची त्याची नजर घरातल्या कापडांवरच तयार झाली असावी.

दुसरी सूट मिश्रणाला मिळते. वसंताचा साकुरा आणि शरदातला लाल मेपल एकाच किमोनोवर असतील, तर तो किमोनो दोन्ही ऋतूंचा, म्हणून सर्व ऋतूंचा मानतात. साकुराचे ढग आणि मेपलची जरतारी अशा कल्पनेने या जोडीला 'उनकिन' म्हणतात. चारही ऋतूंची फुले एकत्र आली तरी हाच नियम लागू होतो. ज्यांना एकच किमोनो घ्यायचा आहे, त्यांनी असा मिश्र फुलांचा घ्यावा; पैशाचे चीज होते आणि चूक होण्याची भीती राहत नाही.

तिसरी पायरी: दिनदर्शिकेच्या थोडे पुढे चालावे

नक्षी खऱ्या फुलाच्या साधारण दोन आठवडे ते महिनाभर आधी अंगावर यावी, असा संकेत आहे. फूल बहरात असताना तेच फूल घालणे म्हणजे निसर्गाशी स्पर्धा करणे. माणसाने काढलेले फूल त्यात हरणारच. फूल गळून गेल्यावर घालणे त्याहून वाईट, कारण मग सेई शोनागोनची उदासी येते. म्हणून साकुरा पाहायला बागेत जाताना साकुराचा किमोनो टाळतात. तोच किमोनो फेब्रुवारीच्या अखेरीस आणि मार्चमध्ये, कळ्या अजून मिटलेल्या असताना, सर्वांत गोड दिसतो.

एक गोंधळ येथेच दूर करायला हवा. जपानने १ जानेवारी १८७३ पासून पाश्चात्त्य दिनदर्शिका स्वीकारली, त्यामुळे जुन्या सणांच्या तारखा निसर्गाच्या तुलनेत महिनाभराने अलीकडे आल्या. तिसऱ्या महिन्याच्या तिसऱ्या दिवशी येणारा बाहुल्यांचा सण पीच फुलांचा मानला जातो, पण आजच्या ३ मार्चला पीच क्वचितच फुललेला असतो. नवव्या महिन्याच्या नवव्या दिवसाचा शेवंतीचा सणही आज ९ सप्टेंबरला, म्हणजे शेवंती उमलण्याच्या बऱ्याच आधी येतो. जुन्या कवितांतील महिने वाचताना हे अंतर मनात धरावे, नाहीतर नक्षीचा महिना चुकतो.

चौथी पायरी: महिन्यामहिन्याची फुले ओळखावीत

जानेवारीपासून सुरुवात केली, तर सर्वप्रथम पाइन, बांबू आणि उमे ही त्रयी भेटते. चीनमध्ये यांना थंडीतले तीन मित्र म्हणत. पाइन हिवाळ्यातही हिरवा राहतो, बांबू वाकतो पण मोडत नाही, आणि उमे बर्फातही उमलतो, म्हणून संकटात टिकणाऱ्या सद्गुणांची ही प्रतीके ठरली. जपानमध्ये मात्र 'शोचिकुबाई' या नावाने ती मंगलचिन्हे झाली आणि नववर्षापासून लग्नापर्यंत सर्वत्र पसरली. एकटा उमे फांदीसह आला, तर तो जानेवारी-फेब्रुवारीचा. त्याच्याशी सुगावारा नो मिचिझाने या विद्वान मंत्र्याची आठवण जोडलेली आहे. ९०१ साली त्याला राजधानीतून दाझाइफूला हद्दपार करण्यात आले, तेव्हा त्याच्या अंगणातला उमे उडत त्याच्यामागे गेला, अशी आख्यायिका आहे. क्योतोच्या कितानो तेनमांगू देवळात आजही २५ फेब्रुवारीला, त्याच्या पुण्यतिथीला, उमेच्या बहरात उत्सव होतो. विद्येच्या या दैवताशी असलेल्या नात्यामुळे परीक्षेच्या वा पदवीदानाच्या दिवसांत उमेची नक्षी अर्थपूर्ण ठरते.

हिवाळ्यातच लाल फळांची नानतेन दिसते. तिच्या नावाचा उच्चार 'संकट परतवणे' या शब्दांशी जुळतो, म्हणून ती शुभ. कॅमेलियाही या दिवसांतली आहे, पण तिचे फूल पाकळ्या न गाळता अख्खे खाली पडते, म्हणून काही जण शुभप्रसंगी ती टाळतात. बर्फाने झुकलेला विलो किंवा बर्फाचे ओझे पेलणारी बांबूची पाने ही खास डिसेंबर ते फेब्रुवारीची नक्षी आहे. वाट पाहणे आणि सोसणे असा तिचा अर्थ सांगतात.

साकुरानंतर पिओनी येते. तिला फुलांची राणी नव्हे, राजा म्हणतात, आणि सिंहाबरोबर तिची जोडी ठरलेली असते. एप्रिलमध्ये विस्टेरियाचे लोंबते जांभळे घोस येतात. तिला जपानीत फुजी म्हणतात. फुजिवारा या बलाढ्य घराण्याच्या नावातच ती आहे, आणि त्या घराण्याचे देऊळ असलेल्या नारा येथील कासुगा ताइशामध्ये ती आजही फुलते. त्यामुळे या फुलाला घरंदाज, दरबारी छटा आहे. मे महिन्यात आयरिस येते. तिच्यासारखीच पाने असलेल्या शोबू या वनस्पतीच्या नावाचा उच्चार क्षात्रवृत्तीच्या आदराशी जुळत असल्यामुळे ५ मेच्या मुलांच्या सणाशी तिचे नाते जुळले. याच दिवसांत हिरव्या पानांचा मेपलही घालतात. मेपल दिसला की शरद, असे समीकरण मांडण्याआधी पानाचा रंग पाहावा.

जूनचा पाऊस हायड्रेंजिया घेऊन येतो. त्यानंतरचा उन्हाळा पाण्याचा: वाहते प्रवाह, सोनमासे, काजवे, हातपंखे, आणि सकाळी उमलून दुपारपर्यंत मिटणारी असागाओची निळी फुले. सोनमासे आणि आतषबाजी ही मुख्यतः युकाता या सुती, अनौपचारिक पोशाखावर दिसतात आणि ती तिथेच शोभतात.

उन्हाळ्याची खरी गंमत मात्र ऋतू उलटा करण्यात आहे. ऑगस्टच्या उकाड्यात घातलेल्या रो किमोनोवर शरदातली गवते असतात, कारण ती पाहणाऱ्याच्या मनात पहिली गार झुळूक यावी. युकीवा, म्हणजे बर्फाच्या कणाची गोल कंगोरेदार आकृती, उन्हाळी कापडावर मुद्दाम काढतात. येथे किमोनो घालणाऱ्याला स्वतःला काही गारवा लाभत नाही; रेशमाचे थर अंगावर बाळगून ती व्यक्ती समोरच्याला गारवा देते. किमोनोच्या शिष्टाचारात मला सर्वांत हृद्य वाटणारी गोष्ट हीच आहे.

शरदाचे वैभव सात गवतफुलांत आहे: हागी, सुसुकी, कुझू, नादेशिको, ओमिनाएशी, फुजिबाकामा आणि किक्यो. आठव्या शतकातल्या 'मानयोशू' या काव्यसंग्रहात यामानोए नो ओकुरा या कवीने शरदाची सात फुले मोजली, तिथून ही परंपरा आली. सुसुकीचे तुरे आपल्याकडच्या कासाच्या तुऱ्यांची आठवण करून देतात आणि ते पौर्णिमेच्या चंद्राबरोबर येतात. हागीबरोबर हरीण येते. ही सात फुले उन्हाळी कापडावर ऑगस्टमध्ये आणि हितोएवर सप्टेंबरमध्ये चालतात. त्यानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेवंती आणि लाल मेपल येतात. शेवंतीवरचे दव दीर्घायुष्य देते अशी श्रद्धा होती, म्हणून हेइआन काळात, म्हणजे शोनागोनच्या जमान्यात, सणाच्या आदल्या रात्री फुलांवर रेशमी कापूस पसरून ठेवत आणि सकाळी त्या दमट कापसाने अंग पुसत.

पाचवी पायरी: नक्षीमागची कविता शोधावी

काही नक्ष्या फुलावर संपत नाहीत. त्यांच्यात एखादी वस्तू असते, ती पाहिली की शिकलेल्या माणसाला कविता आठवते, आणि त्या कवितेतल्या माणसाचे दुःखही आठवते. अशा दोन नक्ष्या तरी ओळखता यायलाच हव्यात.

आयरिसच्या झुडपांमधून वेडीवाकडी फळ्यांची वाट जाताना दिसली, तर ती यात्सुहाशी, म्हणजे आठ फळ्यांचा पूल. 'इसे मोनोगातारी' या दहाव्या शतकातल्या कथासंग्रहात राजधानी सोडून पूर्वेकडे निघालेला एक तरुण मिकावा प्रांतात या पुलाशी थांबतो. पाण्याकाठी काकित्सुबाता जातीच्या आयरिस फुललेल्या असतात. सोबती म्हणतात, या फुलाच्या नावातली पाच अक्षरे पाच ओळींच्या आरंभी घालून प्रवासावर कविता कर. तो करतो, आणि त्या कवितेत मागे राहिलेल्या पत्नीची उपमा अंगवळणी पडलेल्या वस्त्राला देतो. ती ऐकून सर्वांचे डोळे भरून येतात आणि शिदोरीतला वाळवलेला भात अश्रूंनी भिजून फुगतो. हा तरुण म्हणजे कवी आरिवारा नो नारिहिरा, असे मानले जाते. कोरिनने याच प्रसंगातला पूल आणि माणसे वगळून सोनेरी पार्श्वभूमीवर केवळ निळ्या आयरिसचे पडदे रंगवले. तोक्योच्या नेझू संग्रहालयात ते आहेत, आणि संग्रहालयही ते सहसा एप्रिल-मे महिन्यांतच बाहेर काढते.

दुसरी नक्षी तात्सुतागावा. वाहत्या पाण्याच्या रेषा आणि त्यांवर तरंगणारी लाल मेपलची पाने, एवढेच चित्र. नारा प्रांतातली तात्सुता नदी तिच्या शरदासाठी ओळखली जाते. नारिहिराचीच कविता 'ह्याकुनिन इश्शू' या शंभर कवींच्या संग्रहात सतराव्या क्रमांकावर आहे. देवांच्या युगातही कोणी ऐकले नसेल असे आश्चर्य, म्हणजे तात्सुताचे पाणी किरमिजी रंगात बांधून रंगवलेले, असे तो म्हणतो. शेवटच्या ओळीतले 'कुकुरू' हे क्रियापद बांधणीच्या रंगकामाचे मानले जाते. कवीने नदीकडे पाहिले आणि त्याला बांधणीचे कापड दिसले. पुढच्या शतकांत रंगाऱ्याने कापडाकडे पाहिले आणि त्यावर ती नदी काढली. बांधणी हा शब्द आणि ते काम आपल्याला घरचे असल्यामुळे मराठी वाचकाला ही कविता समजावून सांगावी लागत नाही.

सहावी पायरी: बाराही महिने चालणारी चिन्हे वेगळी काढावीत

ऋतूचा विचार करून दमल्यासारखे झाले, की मंगलचिन्हांकडे वळावे. क्रौंच हजार वर्षे जगतो आणि कासव दहा हजार वर्षे, अशी समजूत असल्यामुळे लग्नात ही दोन्ही येतात. सेइगाइहा, म्हणजे एकात एक गुंफलेल्या अर्धवर्तुळांच्या लाटा, अथांग शांततेची खूण आहे. असानोहा हे हेम्प या तंतुवनस्पतीच्या पानांचे तारकाकृती जाळे तान्ह्या मुलांच्या अंगड्यांवर काढतात, कारण ही वनस्पती सरळ आणि झपाट्याने वाढते. इचिमात्सु या चौकटीच्या नक्षीला अठराव्या शतकातल्या सानोगावा इचिमात्सु या काबुकी नटाचे नाव मिळाले, आणि तोक्योच्या २०२० च्या ऑलिंपिकचे चिन्हही तिच्यावरूनच बेतले होते. शिप्पो या गुंफलेल्या वर्तुळांच्या नक्षीच्या नावाचा अर्थ सात रत्ने असा आहे. बौद्ध परंपरेतील सप्तरत्नांचेच ते जपानी नाव.

पट्ट्यापट्ट्यांची कापडे आणि सारासा यांनाही ऋतू नसतो. सारासा म्हणजे भारतातून डच आणि पोर्तुगीज जहाजांनी नेलेले रंगीत छापील सुती कापड, आणि पुढे त्याच्या अनुकरणाने जपानमध्येच तयार झालेले कापड. पट्ट्यांच्या कापडांत चाऊ-जिमा नावाचे एक रेशमी कापड आहे. पुरुषांच्या हाकामासाठी, म्हणजे घोळदार खालच्या वस्त्रासाठी, त्याला मान होता. त्याच्या नावातला चाऊ म्हणजे रायगड जिल्ह्यातले आपले चौल बंदर. पोर्तुगीजांमार्फत हे कापड जपानला पोहोचले, नंतर ते क्योतोत विणले जाऊ लागले, आणि चौलमधला माग थांबल्यानंतरही नाव तिकडे टिकून राहिले.

येथेच भारतीय वाचकाला एक सावधगिरीची सूचना द्यायला हवी. आपल्याकडे कमळ परम मंगल. पैठणीच्या पदरावर ते अभिमानाने मिरवते. जपानमध्ये कमळाचे नाते बौद्ध विधींशी आणि मृतांच्या स्मरणाशी घट्ट जुळले आहे, त्यामुळे लग्नासाठी कमळाचा किमोनो किंवा ओबी, म्हणजे किमोनोवर कमरेला बांधायचा रुंद पट्टा, निवडू नये. शरदसंपाताच्या सुमारास स्मशानांजवळ फुलणारी लाल हिगानबानाही तशीच वर्ज्य मानतात. आणि नक्षी कितीही अचूक असली, तरी किमोनोची डावी बाजू नेहमी उजवीवर यावी. उजवी वर घेण्याची पद्धत फक्त मृतदेहाला कपडे चढवताना असते.

सातवी पायरी: नक्षी किमोनोवर कुठे आहे ते पाहावे

किमोनोचे कापड साधारण ३६ ते ३८ सेंटिमीटर रुंद आणि १२ मीटर लांब असते. ते सरळ रेषांत कापून शिवतात. त्यामुळे नक्षी शिवणीवरून न तुटता एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात गेली असेल, तर तो किमोनो आधी कच्चा शिवून, त्यावर आराखडा काढून, पुन्हा उसवून रंगवलेला असतो. एवढे श्रम म्हणजे प्रसंग मोठा. पाहुणी म्हणून लग्नाला जाताना घालतात तो होमोंगी अशाच प्रकारचा. विवाहित स्त्रीचा सर्वांत औपचारिक कुरोतोमेसोदे काळा असतो, त्यावर पाच कुलचिन्हे असतात आणि नक्षी फक्त कमरेखाली असते; तो वधूवरांच्या आया आणि जवळच्या नातलग स्त्रिया घालतात. लांब बाह्यांचा फुरिसोदे अविवाहित तरुणींचा आहे, आणि जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी येणाऱ्या वयात येण्याच्या समारंभात तो रस्तोरस्ती दिसतो. त्यावर भर हिवाळ्यात साकुरा असला तरी कोणी नावे ठेवत नाही. सर्वांगभर एकच बारीक नक्षी पुन्हा पुन्हा आलेला कोमोन मात्र फिरण्याचा, मैत्रिणींना भेटण्याचा पोशाख आहे. नियम लक्षात ठेवावा: मोठा मंगलप्रसंग असेल तर शुभचिन्ह आधी आणि ऋतू नंतर; अनौपचारिक भेट असेल तर ऋतूला पूर्ण मोकळीक.

रंगकामाची घराणीही याच वेळी ओळखता येतात. १६८३ साली शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी राज्यकर्त्याच्या, शासनाने सोन्याचे भरतकाम आणि अंगभर बांधणी अशा उधळपट्टीच्या कापडांवर बंदी घातली. त्याच सुमारास क्योतोतला पंखे रंगवणारा मियाझाकी युझेन्साइ याच्या चित्रांची चलती होती. तांदळाच्या खळीची बारीक रेषा ओढून रंग पसरू न देण्याचे तंत्र त्याच्या नावाने युझेन म्हणून प्रसिद्ध झाले, आणि कापडावर चित्रासारखी फुले उमलू लागली. क्योतोच्या युझेनमध्ये सोन्याचा वर्ख आणि भरतकामही येते. कानाझावाच्या कागा-युझेनमध्ये ते सहसा नसते. उलट तिथला कलाकार पानावर किडीने खाल्लेली भोकेही रंगवतो. ते भोक म्हणजे दोष समजून किमोनो नाकारू नये. त्या पानाचा शरद त्यातूनच खरा होतो.

आठवी पायरी: उरलेले वाक्य ओबीने पूर्ण करावे

किमोनोवर जे सांगितले, ते ओबीवर पुन्हा सांगू नये. मेपलच्या किमोनोवर मेपलचाच ओबी आला की वाचणाऱ्याला काही उरत नाही. पाण्याच्या रेषांच्या किमोनोवर मेपलच्या पानांचा ओबी बांधला, की तात्सुता नदी पाहणाऱ्याच्या मनात तयार होते. चंद्र वेगळा न काढता सशाचा ओबी आणि सुसुकीचा किमोनो पुरतो. चंद्र मनात उगवतो. साधा एकरंगी किमोनो असेल, तर महिन्यागणिक ओबी बदलून वर्षभर काम भागते, आणि कमी खर्चात ऋतू पाळण्याचा हा उत्तम मार्ग आहे. ओबीवरची दोरी म्हणजे ओबिजिमे, तिच्यातली छोटी पिन आणि गळ्याची पांढरी पट्टी यांत ऋतूचा एक कण ठेवता येतो. चहाच्या समारंभात तर एवढाच कण पुरे, कारण तिथे यजमानाने फुलदाणीत ठेवलेल्या एका फुलाला मान द्यायचा असतो.

एक पूर्ण उदाहरण

सर्वांत अवघड महिना सप्टेंबर. समजा, क्योतोत सप्टेंबरच्या मध्यावर संध्याकाळच्या भोजनाचे निमंत्रण आहे. दिनदर्शिका शरद म्हणते आणि हवा अजून दमट उन्हाळ्याची असते. पहिल्या पायरीप्रमाणे अस्तराशिवायचा हितोए निवडावा. रो मागे सोडावा. नक्षीत असागाओ आणि काजवे नकोत, कारण ते गेलेल्या ऋतूचे. लाल मेपलही नको, त्याला अजून अवकाश आहे. सात गवतफुले मात्र नेमकी आता. रंग फिका निळा न घेता वाइनसारखा किंवा करडा-जांभळा घ्यावा, कारण कापड पातळ असतानाही रंगाने शरदाकडे तोंड वळवता येते. हागी आणि किक्यो असलेल्या हितोएवर चंद्राच्या रंगाचा, फारशी नक्षी नसलेला ओबी बांधावा. पौर्णिमा जवळ असेल, तर ओबिजिमेवर सशाची पिन पुरेशी आहे.

आता उलट दिशेने वाचून पाहावे. जुन्या कपड्यांच्या दुकानात हाती आलेल्या किमोनोला अस्तर आहे, म्हणजे ऑक्टोबर ते मे. नक्षी शिवणीवरून अखंड गेलेली आहे, म्हणजे होमोंगी. विस्टेरियाचे घोस वरून लोंबतात आणि खाली पाण्यातल्या आयरिसमधून फळ्यांची नागमोडी वाट जाते, म्हणजे यात्सुहाशी. फुले देठ-पानांसह आहेत, सोन्याचा वर्ख नाही, आणि एका पानाला कीड लागलेली दिसते, म्हणून कागा परंपरेतला असण्याची शक्यता मोठी. हा किमोनो एप्रिलमध्ये आणि मेच्या आरंभी घालण्याचा. आयरिस तळ्याकाठी उमलल्या की बाजूला ठेवण्याचा.

घरी आणल्यावर तो तातोशी या कागदी वेष्टनात सपाट घडी घालून ठेवावा आणि कोरड्या हवेच्या दिवसांत, जानेवारी-फेब्रुवारीत किंवा पावसाळा संपल्यानंतर, सावलीत वाऱ्यावर टांगून त्यातला ओलावा घालवावा. वेष्टनावर पेन्सिलीने नक्षीचे नाव, कापडाचा प्रकार आणि घालण्याचे महिने लिहून ठेवले, की पुढच्या वर्षी मार्च संपण्याआधीच तो बाहेर काढून हवा द्यायला सुरुवात करता येते.